सभागृहात निषेधाच्या घोषणा चालू असताना वाद्यवृंदाने वाजवत राहावे का?

मंद्रसप्तक (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका हौशी तंतुवाद्य गटात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या स्टँडवर वाजवतो. आम्ही एकूण सोळा जण आहोत. गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या खुल्या रंगमंचावर आमचा कार्यक्रम होता. पहिली रचना सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच शुल्कवाढीविरुद्ध आंदोलन करणारे पंचवीस-तीस विद्यार्थी घोषणा देत आत आले आणि मंचासमोर ठाण मांडून बसले. त्यांचा राग आमच्यावर नव्हता. संस्थेची व्यवस्थापक मंडळी पहिल्या रांगेत बसली होती आणि ती सगळी एका जागी सापडण्याची संधी विद्यार्थ्यांना एरवी मिळाली नसती. आमच्या संचालकांनी हात खाली घेतला नाही. पण आमच्यापैकी निम्म्या लोकांनी गज उचलून धरले, निम्मे वाजवत राहिले आणि दहा-बारा बारांत (म्हणजे स्वरलेखनातील तालाच्या छोट्या मापांत) सगळे विस्कटले. मी थांबणाऱ्यांत होतो. तेव्हापासून प्रत्येक तालमीनंतर चहा घेताना आमच्यात हाच वाद होतो.

या वादात एका सहकाऱ्याने २१ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमध्ये झालेल्या मैफलीचा दाखला दिला. त्यानंतर मी त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण इतक्या वेळा ऐकले आहे की हा प्रश्न आता माझ्यासाठी आमच्या गटापुरता उरलेला नाही. ज्यांना ती हकिकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि वॉर्सा करारातील त्याच्या मित्रदेशांचे सैन्य चेकोस्लोव्हाकियात शिरले. तेथील नेते अलेक्झांडर दुब्चेक यांनी आणलेला मोकळेपणा त्यांना मोडून काढायचा होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, सोव्हिएत संघाच्या राज्य सिंफनी वाद्यवृंदाची मैफल आधीपासून ठरलेली होती. संचालक येवगेनी स्वेतलानोव, चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच, आणि ठरलेली मुख्य रचना कोणाची, तर चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांची, बी मायनरमधील चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे एकट्या चेलोसाठी वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना. बाहेर निदर्शने चालू होती आणि आत श्रोत्यांमधून आरोळ्या येत होत्या. वाद्यवृंद वाजवत राहिला. रोस्त्रोपोविच यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते असे सांगितले जाते, आणि रचना संपल्यावर त्यांनी द्वोर्झाक यांचे स्वरलेखन हातात घेऊन सभागृहासमोर उंच धरले.

रोस्त्रोपोविच यांचे हे वागणे मला समजते. माझे मन अडते ते त्यांच्यामागे बसलेल्या वाद्यवृंदापाशी. त्यांच्यापैकी कोणाला काही उंच धरता आले नाही, कोणाचे नाव बातमीत आले नाही, आणि ज्या सत्तेचा निषेध चालला होता तिचे नाव मात्र त्यांच्या वाद्यवृंदाच्या नावातच होते. त्यांनी वाजवत राहणे ही प्रतिष्ठा होती, शिस्त होती, की केवळ भीती होती? आणि घोषणा देणाऱ्यांचे म्हणणे रास्त असेल, जसे ते १९६८मध्ये होते आणि माझ्या मते आमच्या त्या विद्यार्थ्यांचेही होते, तर त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवणे योग्य म्हणायचे का? ज्यांनी अशा मैफली ऐकल्या किंवा वाजवल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

टेम्सकाठी

आपण ज्या सभागृहाविषयी लिहिता त्याच सभागृहात १ सप्टेंबर २०११ रोजी मी वरच्या गॅलरीत उभा होतो, म्हणून लिहितो. त्या रात्री इस्रायल फिलहार्मोनिकची मैफल होती आणि संचालक होते झुबिन मेहता. मेहता १९३६मध्ये मुंबईत जन्मले. मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा करणारे मेहली मेहता हे त्यांचे वडील. त्यामुळे आमच्यासारखी मुंबईहून येथे आलेली बरीच मंडळी त्या रात्री निव्वळ आपला माणूस पाहायला आली होती. पॅलेस्टाईनचे समर्थक ही मैफल रद्द करावी अशी मागणी आधीपासून करत होते आणि बीबीसीने ती मानली नव्हती.

सुरुवातीला वेबर्न यांची पासाकालिया होती. ही रचना ज्यांनी ऐकली असेल त्यांना त्या रात्रीचा पेच लगेच कळेल. ती तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडून सुरू होते. एकेक सूर अगदी हळू येतो आणि दोन सुरांमध्ये रिकामी जागा असते. ती जागा हाच त्या रचनेचा पाया आहे. या रचनेच्या वेळीच वाद्यवृंदाच्या मागील आसनांवरचा एक गट उठला, त्यांनी अक्षरांचे फलक धरले आणि बेथोव्हेन यांच्या नवव्या सिंफनीतील प्रसिद्ध धुनेवर आपल्या घोषणा गायला सुरुवात केली. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली आणि तो आवाज घोषणांपेक्षा मोठा होता. पुढे गिल शाहम ब्रुख यांचा व्हायोलिन कॉन्चेर्तो वाजवायला आले, तेव्हाही व्यत्यय आला. बीबीसीने आपले थेट प्रक्षेपण थांबवले. घरी रेडिओ लावून बसलेल्यांना मैफल ऐकायला मिळाली नाही. सभागृहातील आम्हाला मात्र ती शेवटपर्यंत मिळाली.

मला त्या रात्री सर्वांत जास्त जाणवलेली गोष्ट अशी की मेहता वळले नाहीत, रागावले नाहीत आणि त्यांनी भाषणही केले नाही. सुरक्षारक्षक लोकांना बाहेर नेत होते तेव्हा ते वाट पाहत उभे राहिले आणि शक्य झाले तेव्हा पुढे गेले. शाहम यांनी कॉन्चेर्तोचा दुसरा भाग ज्या शांतपणे वाजवला त्यामुळे माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रडत होता. तो कोणत्या बाजूचा होता हे मी विचारले नाही.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. मैफलीच्या आधी तिला विरोध करणारे एक पत्र वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले होते. त्यावर लंडन फिलहार्मोनिकच्या चार वादकांनी आपल्या वाद्यवृंदाचे नाव जोडून सही केली होती आणि त्यासाठी त्यांना त्यांच्या वाद्यवृंदाने निलंबित केले. मी मैफलीच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण मंचावर बसलेल्या वादकाची प्रतिष्ठा आपण मान्य करतो तर सही करणाऱ्या वादकाचीही केली पाहिजे असे मला तेव्हाही वाटले होते. त्या चौघांनी कोणाची मैफल मोडली नव्हती. त्यांनी आपले मत नावानिशी मांडले होते.

जुना बातमीदार

टेम्सकाठी यांनी मनापासून लिहिले आहे, परंतु मला या धाग्यात एक गोष्ट निसटताना दिसते. आपण सगळे वादकाच्या खुर्चीतून पाहत आहोत. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरूनही पाहायला हवे.

७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत झुबिन मेहता यांनी बव्हेरियाच्या राज्य वाद्यवृंदाची मैफल केली. पुढाकार जर्मनीच्या दूतावासाचा होता आणि काश्मिरी वादकही संतूरवादक अभय सोपोरी यांच्याबरोबर त्यात सहभागी झाले होते. मी त्या आठवड्यात कामानिमित्त शहरात होतो. बागेत चिनारांखाली आणि कारंज्यांच्या काठी जे वाजले ते सुंदर होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते मी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले, कारण प्रवेश निमंत्रितांनाच होता. शहरात बंद पुकारलेला होता, रस्त्यांवर कडेकोट पहारा होता, आणि त्याच दिवशी नागरी संघटनांनी ‘हकीकत-ए-काश्मीर’ या नावाने आपला वेगळा कार्यक्रम केला, ज्यात कविता होत्या, गाणी होती, चित्रे होती. मी तो पाहायला गेलो. तेथे कोणी वाद्यवृंदाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आमच्या शहरात आमच्या नावाने जे होत आहे, त्यात आम्ही कुठे आहोत?

मेहता यांना हे कळले होते असे मला वाटते, कारण पुढची मैफल सर्वांना येता येईल अशा जागी व्हावी अशी इच्छा त्यांनी मंचावरूनच बोलून दाखवली. माझ्या लेखी त्या दिवसाचा सर्वांत प्रतिष्ठित क्षण तो होता.

तेव्हा मंद्रसप्तक, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना निषेध नेमका कशाला आहे हे आधी पाहावे लागेल. १९६८मध्ये लोक रणगाड्यांविरुद्ध ओरडत होते, द्वोर्झाक यांच्याविरुद्ध नव्हे, आणि म्हणूनच द्वोर्झाक यांचे स्वरलेखन उंच धरणे हे त्यांना दिलेले उत्तर ठरले. श्रीनगरमध्ये आक्षेप निमंत्रणालाच होता आणि त्याला वाजवून उत्तर देता येण्यासारखे नव्हते. आणि जेथे निषेधाची भाषा सोडून धमकीची भाषा येते तेथे हा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये मुंबईत ठरलेली गुलाम अली यांची मैफल विरोधामुळे रद्द झाली तेव्हा कोणाला वाजवत राहण्याची संधीच मिळाली नव्हती. घोषणा देणारा माणूस आत आला आहे, तुमच्यासमोर बसला आहे, त्याला तुम्ही दिसत आहात आणि तुम्हाला तो दिसतो आहे, ही त्यामानाने पुष्कळ बरी परिस्थिती आहे.

तुमचे विद्यार्थी तुमच्यासमोर जमिनीवर बसले होते. तुमच्यापैकी कोणी त्यांना विचारले का, की तुम्हाला किती वेळ हवा आहे?

तिसरा स्टँड

मी मुंबईत सव्वीस वर्षे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंमध्ये आणि पुढे सिंफनी वाद्यवृंदांत व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य, वाजवली. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की लोकांना चित्रपटगीतांचा मंच आठवतो, मी तेथेही वाजवले आहे आणि गणपतीच्या मांडवातील गोंधळात ताल सोडायचा नाही हे तेथेच शिकलो.) मी तत्त्वाचे बोलण्याऐवजी हातांचे बोलतो, कारण मंद्रसप्तक यांनी भीती की शिस्त असे जे विचारले आहे त्याचे उत्तर मला तेथे सापडते.

द्वोर्झाक यांचा तो कॉन्चेर्तो कसा सुरू होतो ते आठवा. पहिले सूर क्लॅरिनेटचे आहेत, खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात. पाच हजारांहून अधिक माणसे मावणारे सभागृह, त्यात आरोळ्या, त्यांना गप्प करणाऱ्यांचा आवाज, आणि क्लॅरिनेटवाल्याला हळू वाजवायचे आहे. गोंगाटात जोराने वाजवण्याचा मोह किती प्रचंड असतो हे वाजवणाऱ्यालाच कळते. चेलो सुरुवातीला येतच नाही. सुमारे साडेतीन मिनिटे एकटा वाद्यवृंद वाजवतो आणि चेलोवादक मांडीशी वाद्य धरून बसून राहतो. म्हणजे त्या रात्री सभागृहाच्या रागासमोर आधी उभे राहिले ते तुमचे बिननावाचे वादक. रोस्त्रोपोविच नंतर आले.

आणि त्या साडेतीन मिनिटांत फ्रेंच हॉर्नची एकट्याची एक जागा आहे. बाकीचा वाद्यवृंद ओसरतो आणि दुसरी धून एकटा हॉर्न मंद आवाजात, लांब श्वासावर गातो. कोणत्याही संध्याकाळी हॉर्नवाल्यांना या जागेची धास्ती असते, कारण ओठ किंचित कोरडे पडले तरी सूर फुटतो आणि तो झाकायला शेजारी कोणी नसते. ज्या माणसाच्या देशाने आदल्या रात्री हे केले होते आणि जो परत त्याच देशात जाणार होता, त्याने परक्या शहरात, परक्यांच्या संतापात, चेक माणसाने लिहिलेली ती धून वाजवायची होती. सोव्हिएत वाद्यवृंद परदेशी जात तेव्हा त्यांच्यावर पाळत असे. मनात काय आहे ते दाखवण्याची सोय वादकाला नव्हती. भीती होती का? असणारच. पण भीतीने हॉर्न वाजत नाही. भ्यालेल्या माणसाचा श्वास वर अडकतो, आणि त्या धुनेला श्वास पोटातून लागतो. मला एवढेच म्हणायचे आहे की प्रतिष्ठा ही भीतीच्या जागी येऊन बसणारी निराळी वस्तू नव्हे. भीती असताना श्वास खाली नेण्याचे ते काम आहे, आणि ते काम त्या रात्री प्रत्येकाने आपापल्या खुर्चीत केले.

रोस्त्रोपोविच यांच्याविषयीही एक गोष्ट सांगतो. प्राग हे त्यांच्यासाठी केवळ नकाशावरचे शहर नव्हते. १९५५मध्ये तेथील संगीत महोत्सवातच गायिका गालिना विश्नेव्स्काया आणि ते एकमेकांच्या जवळ आले आणि त्यांनी लग्न केले. शिवाय या कॉन्चेर्तोचा शेवट हा मुळातच शोकाचा आहे. द्वोर्झाक यांची मेहुणी योसेफिना आजारी असल्याचे त्यांना अमेरिकेत कळले, तेव्हा त्यांनी तिच्या आवडीच्या आपल्याच एका गीताची धून मधल्या भागात गुंफली. मे १८९५मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी शेवट पुन्हा लिहिला, तो लांबवला आणि ती धून एकट्या व्हायोलिनच्या सुरांत परत आणली. मायदेशी परतलेल्या माणसाने आपल्या माणसासाठी लिहिलेला हा निरोप आहे. त्या रात्री तो वाजवताना रडू येणे याला मी अभिनय म्हणणार नाही. पुढे १९७०मध्ये त्यांनी सत्तेला नकोशा झालेल्या लेखक सोल्झेनित्सिन यांची बाजू उघडपणे घेतली, १९७४मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि १९७८मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. उंच धरलेल्या कागदाची किंमत त्यांनी पुढे आयुष्यात मोजली.

आता तुमच्या गटाविषयी. तुम्ही विस्कटलात ते विद्यार्थ्यांमुळे नव्हे. काय करायचे हे आधी ठरले नव्हते, म्हणून विस्कटलात. दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला यांच्याकडे धून क्वचित असते पण आतला ताल असतो. तुम्ही गज उचललेत त्या क्षणी पहिल्या व्हायोलिनच्या पायाखालची जमीन गेली. असे होऊ नये म्हणून चांगल्या वाद्यवृंदांत एकच नियम असतो, की निर्णय संचालकाचा आणि नजर कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाच्या, गजावर. संचालकाचा हात चालू आहे तोवर सगळे वाजवतात, हात खाली आला की सगळे थांबतात, आणि थांबल्यावर वाद्य मांडीवर राहते, पेटीत जात नाही. पेटी उघडली की श्रोत्यांना कळते की आता हे जाणार. धूर, आग किंवा फेकाफेक असेल तर मात्र विचार न करता मंच सोडायचा; नोव्हेंबर २०२५मध्ये पॅरिसमध्ये इस्रायल फिलहार्मोनिकच्या मैफलीत सभागृहात धुराची नळकांडी पेटवली गेली तेव्हा वादक आत गेले, आणि सभागृह सुरक्षित झाल्यावर परत येऊन त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. यात काही कमीपणा नाही.

आणि थांबल्यावर पुन्हा सुरू करताना अर्ध्यातून सुरू करू नका. पहिल्या बारापासून घ्या.

मंद्रसप्तक

तिघांचेही आभार. जुना बातमीदार, आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की आमच्यापैकी कोणीही त्यांना काही विचारले नाही. आम्ही सोळा जण होतो, ते पंचवीस-तीस होते, मध्ये जेमतेम दहा फुटांचे अंतर होते, आणि तरीही आम्ही आपापसात कुजबुजत बसलो. मी तर तेव्हाच वाद्य पेटीत ठेवले होते. त्याचे मला आज वाईट वाटते, थांबलो याचे मात्र आता तितके वाटत नाही.

कालच्या तालमीत हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला. बराच वेळ चर्चा झाली आणि दोन जणांचे मत अजूनही वेगळे आहे. त्यांच्या मते कोणत्याही परिस्थितीत थांबणे म्हणजे रचनेचा अवमान होय, आणि मी त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला नाही. पण संचालकांचा हात आणि कॉन्सर्टमास्टरचा गज, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्या विद्यार्थ्यांपैकी एकीचा नंबर आमच्या चेलोवादक ताईंना मिळाला आणि त्या तिच्याशी बोलल्या. मुलीने आधी माफी मागितली, मग सांगितले की शुल्काचा प्रश्न तसाच आहे. ताईंनी तिला सांगितले की माफीची गरज नाही, आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा करतो आहोत, या वेळी एका ग्रंथालयाच्या सभागृहात, प्रवेश सर्वांना खुला आहे, आणि सुरुवातीची पाच मिनिटे तुम्हाला बोलायची असतील तर बोला. ती विचारून सांगते म्हणाली आहे.

रात्री घरी आल्यावर १९६८चे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. आतापर्यंत प्रत्येक वेळी मी चेलो कधी येतो याची वाट पाहत ऐकत असे. काल मी हॉर्नसाठी थांबलो, आणि तो आला तेव्हा मुद्दाम कान देऊन त्याचा श्वास कुठे तुटतो का ते पाहिले. तिसरा स्टँड, तो कुठेही तुटत नाही. आपण पुण्यात असाल तर शनिवारी संध्याकाळी आमच्या तालमीला कृपया या. आमच्याकडे व्हायोला वाजवणारे दोघेच आहेत.